मिनिटभर जोडला जातो, मग पुन्हा लाल

वाचकांच्या शंका, कुडाळहून उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. देवगडजवळच्या एका आंबा पल्पच्या कारखान्यात मी आयटीचं काम बघतो. एकटाच आहे. आमच्याकडे ईएसएक्सआयचे (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) दोन होस्ट, म्हणजे सर्व्हर, त्यांच्यावर मिळून अकरा व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. या होस्टांवर देखरेख करणारा व्हीसेंटर मात्र रत्नागिरीच्या ऑफिसात, मधे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेला खासगी बोगदा. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरची पहाऱ्याची पेटी, जळाली. सप्लायरने दुसऱ्या कंपनीची नवी बसवून दिली. तेव्हापासून दोन्ही होस्ट व्हीसेंटरमध्ये ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसतात. ‘कनेक्ट’ दिलं की जोडले जातात, सगळं छान दिसतं, आणि मिनिटभरात पुन्हा लाल. एकदा होस्ट इन्व्हेंटरीतून काढून परत घातला. दोनदा सर्व्हर बंद-चालू केला. दुसऱ्या वेळी अकाउंट्सचा डेटाबेस बिघडला आणि मालकांची बोलणी खाल्ली. सप्लायर म्हणतो पोर्ट सगळे उघडे आहेत, तुमचा सर्व्हरच गेलाय. नवीन घ्यायचा का?
(एक वाचक, देवगड)

उत्तर : अजिबात घेऊ नका. त्या पैशांत यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून घ्या, आणि तरीही पैसे उरतील.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द आहे ‘मिनिटभरात’. होस्ट जोडलाच गेला नसता तर मी पासवर्ड, सर्टिफिकेट, डीएनएस असं काहीबाही विचारत बसले असते. पण जोडला जातो आणि साधारण साठ सेकंदांनी तुटतो, म्हणजे रोग जवळजवळ सापडला.

आमच्या आवाठात एक आजी आहे. मुलगा लालबागला. रोज रात्री नऊला ती त्याला मिस्ड कॉल देते, म्हणजे ‘मी बरी आहे’. एकदा तिचं रिचार्ज संपलं. येणारे फोन चालू, जाणारे बंद. मिस्ड कॉल येईना म्हणून मुलाने घाबरून स्वतः फोन लावला, तर आजीने पहिल्या रिंगला उचलला. बोलणं झालं, तो निवांत झाला. दुसऱ्या रात्री पुन्हा मिस्ड कॉल नाही, पुन्हा घाबरगुंडी. तिसऱ्या दिवशी तो एसटीने गावी हजर. आजी अंगणात सोलं वाळत घालत होती.

तुमचे होस्ट म्हणजे ही आजी. ‘कनेक्ट’ दिल्यावर व्हीसेंटर स्वतः होस्टकडे जातो, टीसीपी ४४३ या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे क्रमांक असलेलं दार; टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती). तो रस्ता तुमच्याकडे उघडा आहे, म्हणून जोडणी होते. त्यानंतर होस्टने दर दहा सेकंदांनी व्हीसेंटरला ‘मी आहे’ असा ठोका पाठवायचा असतो, आणि तो जातो यूडीपी ९०२ वरून. दिशा लक्षात घ्या : होस्टकडून व्हीसेंटरकडे. साठ सेकंदांत एकही ठोका पोचला नाही की व्हीसेंटर त्या होस्टवर लाल खूण मारून मोकळा होतो. होस्टला काहीही झालेलं नसतं.

सप्लायर खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. पोर्टच्या यादीत ९०२ दोनदा येतो. व्हीसेंटरकडून होस्टकडे टीसीपी ९०२ आणि होस्टकडून व्हीसेंटरकडे यूडीपी ९०२. घाईत यादी वाचणारा माणूस पहिला ९०२ बघतो, टीसीपीचा नियम टाकतो आणि दुसरा ९०२ आला की ‘हा झालाय’ म्हणून पुढे जातो. मीही हे केलेलं आहे. त्याला फोन करून फक्त एवढं सांगा : ‘सोर्स आमच्या दोन होस्टचे मॅनेजमेंट आयपी, डेस्टिनेशन रत्नागिरीचा व्हीसेंटर, यूडीपी ९०२, अलाऊ.’ हा नियम देवगडच्या फायरवॉलवर हवा आणि रत्नागिरीला दुसरी फायरवॉल असेल तर तिच्यावरही हवा. शिवाय व्हीपीएनच्या बोगद्यात नॅट (वाटेत आयपी पत्ते बदलणं) चालू आहे का तेही विचारा. नव्या पेटीत ते कधी कधी आपोआप चालू असतं. तसं असेल तर या दोघांमधलं नॅट बंद करायला लावा.

नियम टाकायच्या आधी खातरजमा करायची असेल तर होस्टवर एसएसएच (दुरून कमांड द्यायची सोय) चालू करून टीसीपीडंप या पॅकेटं, म्हणजे डेटाची पुडकी, दाखवणाऱ्या कमांडने ‘व्हीएमके शून्य’वरचं, म्हणजे होस्टच्या मॅनेजमेंटच्या जोडणीवरचं, यूडीपी ९०२ बघा. होस्टच्या आवृत्तीत या कमांडच्या नावापुढे ‘यूडब्ल्यू’ हे शेपूट असतं, ते विसरू नका. दर दहा सेकंदांनी एक पॅकेट रत्नागिरीच्या पत्त्यावर जाताना दिसलं की होस्ट निर्दोष सुटला. मग फायरवॉलच्या नाकारलेल्या पॅकेटांच्या लॉगमध्ये तीच पॅकेटं शोधा. एक इशारा देते : ‘एनसी’ या पोर्ट तपासायच्या कमांडने यूडीपीचं पोर्ट तपासायच्या भानगडीत पडू नका. यूडीपीला पोचपावती नसते. पलीकडून नकार आला नाही की ते ‘सक्सीडेड’ म्हणतं, मग पॅकेट पोचलेलं असो की वाटेत गडप झालेलं असो. सप्लायरने तुम्हाला ‘पोर्ट उघडे’ म्हणून जो पुरावा दाखवला तो बहुधा हाच असावा.

कोणी सुचवेल की व्हीसेंटरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये साठ सेकंदांची मुदत एकशे वीस करा. लाइन खराब असेल, अधूनमधून पॅकेट गळत असतील, तर तात्पुरता तो उपाय चालतो. तुमच्याकडे एकही ठोका पोचत नाही. मुदत वाढवलीत तर मिनिटाऐवजी दोन मिनिटांनी लाल होईल, एवढाच फरक.

आता थोडं रागावते. मालकांचं ऐकून झालंय, माझंही ऐका.

होस्ट व्हीसेंटरमध्ये लाल होता, पण तुमचं बिलिंग चालू होतं, वजनकाट्याच्या पावत्या निघत होत्या. म्हणजे व्हीएम चालू होत्या. व्हीसेंटर हा देखरेख करणारा आहे. व्हीएम चालवतो तो होस्ट, आणि व्हीसेंटर बंद पडला तरी होस्ट चालूच राहतो. एचए (एक होस्ट पडला तर त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर चालू करणारी सोय) एकदा लावून ठेवलं असेल तर तेही होस्टांचं आपसात चालतं, त्यासाठी व्हीसेंटर जागा असावा लागत नाही. अडतं ते व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं), डीआरएस (होस्टांमध्ये भार वाटणं), क्लोन (व्हीएमची नक्कल) असल्या कामांत. अशा वेळी धडधडीत चालू असलेला सर्व्हर बटण दाबून बंद करणं म्हणजे आजीचा मिस्ड कॉल आला नाही म्हणून तिच्या घराची कौलं काढण्यासारखं आहे. तुमचा डेटाबेस नेटवर्कने बिघडवला नाही, त्या बटणाने बिघडवला.

यापुढे होस्ट लाल दिसला की आधी व्हीएमला पिंग करा. मग ब्राउझरमध्ये होस्टचा स्वतःचा पत्ता टाका. होस्टचं पान उघडलं, लॉगिन झालं, तर ‘होस्टडी’, म्हणजे होस्टचा स्वतःचा कारभार बघणारी सर्व्हिस, ठीक आहे. तेव्हा संशय ‘व्हीपीएक्सए’वर किंवा मधल्या वाटेवर घ्या. व्हीपीएक्सए हा होस्टवरचा व्हीसेंटरचा कारकून. तो एकटा रीस्टार्ट करता येतो आणि त्याने चालू व्हीएमला धक्का लागत नाही. होस्टचं पान उघडत नाही पण पिंग लागतो, असं असेल तर होस्टडी अडकलाय. तोही रीस्टार्ट होतो, पण त्या वेळी बॅकअप किंवा स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) चालू नाही ना ते बघा. सर्व्हरसमोर असाल तर पिवळ्या पडद्यावर एफ-टू दाबून ‘ट्रबलशूटिंग ऑप्शन्स’मध्ये ‘रीस्टार्ट मॅनेजमेंट एजंट्स’ आहे. सगळ्या सर्व्हिसेस एका झटक्यात रीस्टार्ट करणारी जी स्क्रिप्ट लोक सांगतात, ती एलएसीपी (अनेक नेटवर्क केबल एकत्र बांधायची पद्धत) लावलेल्या होस्टवर वापरू नका.

होस्टडी अडकण्याचं आमच्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे एनएएस, नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा. एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरायच्या पद्धतीने) जोडलेला डबा लाईट गेल्यावर बंद पडतो, होस्ट यूपीएसवर चालूच राहतो आणि त्या हरवलेल्या डिस्कची वाट बघत बसतो. १४० सेकंदांनी तो ‘सगळे रस्ते बंद’ असं मान्य करतो, पण तोवर होस्टडीचं बरंचसं काम तुंबलेलं असतं. अशा वेळी होस्टडी दहा वेळा रीस्टार्ट करण्याआधी एनएएसचं बटण चालू आहे का ते बघायला कोणाला तरी पाठवा.

पिंगबद्दल माझीच एक फजिती सांगते. कणकवलीकडच्या एका पतसंस्थेचा होस्ट असाच लाल झाला. पिंग लागत होता, पान उघडत नव्हतं. होस्टडी अडकला असं मी ठरवूनच टाकलं आणि रात्री सर्व्हरसमोर जाऊन बसले. एजंट रीस्टार्ट केले, लॉग चाळले, दोन तास गेले. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, “ताई, ह्या कॅमेऱ्याचा काय करतास? सकाळी माणूस येऊन लावून गेलो, तेवापासून ह्या असाच.” त्या दिवशी सीसीटीव्हीवाल्याने नवा डीव्हीआर बसवला होता आणि त्याला नेमका होस्टचाच आयपी दिला होता. माझ्या पिंगला उत्तर देत होता तो डीव्हीआर. लॅपटॉपवर आर्पचा तक्ता (कोणता आयपी कोणत्या यंत्राचा ते दाखवणारा) उघडला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं की त्या आयपीसमोरचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, माझ्या सर्व्हरचा नाही. तेव्हापासून प्रत्येक होस्टचा मॅक पत्ता रॅकच्या दाराला आतून चिकटवलेला असतो. तुम्हीही चिकटवा.

आणखी एक. होस्ट इन्व्हेंटरीतून काढून परत घालणं टाळा. ‘डिस्कनेक्ट’ आणि ‘कनेक्ट’ केलं तर सगळं जागच्या जागी राहतं. ‘रिमूव्ह’ केलं की त्या होस्टच्या व्हीएमचे फोल्डर, परवानग्या, टॅग, कामगिरीचे जुने आकडे, सगळं जातं. तुम्ही एकदा केलंच आहे, तर परवानग्या पुन्हा तपासून घ्या.

आणि खरी काळजीची गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेलीच नाही. तुमचा बॅकअप कोण घेतं? बॅकअपचं सॉफ्टवेअर व्हीसेंटरमार्फत होस्टपर्यंत जात असेल तर मे महिन्यापासून एकही बॅकअप झालेला नसणार. फायरवॉलवाल्याला फोन नंतर करा. आधी बॅकअपचा शेवटचा यशस्वी दिवस बघा, आणि अकाउंट्सच्या व्हीएमचा एक बॅकअप व्हीसेंटरला वगळून, थेट होस्टला जोडून आजच घ्या.

प्रश्न : आमच्या कॉलेजात दोन होस्ट आहेत. दोन दिवस लाईट नव्हती. आल्यावर एक होस्ट नीट चालू झाला, दुसरा व्हीसेंटरला जोडलाच जात नाही, सर्टिफिकेटची (ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) चूक दाखवतो. त्या होस्टवरचं आमचं डोमेन कंट्रोलरही (सगळ्यांची लॉगिन तपासणारा सर्व्हर) विचित्र वागतंय, कोणाचं लॉगिन होत नाही. व्हायरस असेल का?
(एक प्रयोगशाळा सहायक, दापोली)

उत्तर : व्हायरस नाही हो. त्या होस्टचं घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागे गेलेली असेल.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. मुख्य वीज नसताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली असली तरी रोजच्या तासा-दोन तासांच्या लाईट जाण्यात ते कळत नाही, कारण यूपीएस सर्व्हरला तगवून नेतो. दोन दिवस लाईट गेली की उघडं पडतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुमच्या दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस अंधार होता. त्यानंतर या बॅटरीने किती ठिकाणी दगा दिला ते मी पाहिलंय.

घड्याळ मागे गेलं की सर्टिफिकेट चालत नाही, कारण त्यावर ‘या तारखेपासून’ असं लिहिलेलं असतं आणि होस्टच्या मते ती तारीख अजून उजाडायची आहे. आता एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सोयीने, वेळ आपोआप सुधारायला हवी होती. ती का सुधारली नाही? मला शंका आहे की होस्टवर एनटीपी सर्व्हर म्हणून तुम्ही तुमचा डोमेन कंट्रोलरच दिलाय, आणि तो डोमेन कंट्रोलर त्याच होस्टवर व्हीएम म्हणून चालतोय. व्हीएम चालू होताना व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर) तिला होस्टची वेळ देतं. होस्ट वेळ विचारतो व्हीएमला, व्हीएमने ती घेतलीय होस्टकडून. दोघेही चुकलेले आणि दोघेही एकमेकांना दुजोरा देतायत. लॉगिनही त्यामुळेच होत नाही. कर्बेरॉसला, म्हणजे डोमेनच्या लॉगिन तपासायच्या पद्धतीला, घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, इथे तर वर्षांचा आहे.

बॅटरी बदला. त्या होस्टवरच्या व्हीएम रीतसर बंद करून बायोसमध्ये तारीख-वेळ लावा. इथे जपून : ईएसएक्सआय वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, धरतो. आपली वेळ त्याच्यापुढे साडेपाच तास. सकाळी अकरा वाजता होस्ट पहाटेचे साडेपाच दाखवत असेल तर तो बरोबर आहे, त्याला ‘सुधारायला’ जाऊ नका. लॉगमधल्या वेळाही अशाच वाचायच्या, नाहीतर रात्रीची घटना तुम्ही दुपारच्या ओळींत शोधत बसाल.

एनटीपी बाहेरचा द्या. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा किंवा एनआयसीचा (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा). सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही घड्याळं यांच्याशी किंवा यांच्यावरून वेळ घेणाऱ्या सर्व्हरशी जुळवून ठेवायला सांगितलंय. यूडीपी १२३ बाहेर जाऊ द्या. डोमेन कंट्रोलरलाही तोच द्या, आणि एवढं करूनही चूक दिसली तरच सर्टिफिकेटकडे वळा. व्हीसेंटरने होस्टला दिलेलं सर्टिफिकेट साधारणपणे पाच वर्षांचं असतं. तुमची मांडणी त्याहून जुनी असेल तर ते खरोखरच संपलेलं असू शकतं, मग ‘रिन्यू’ करायचं.

प्रश्न : हर्णै बंदराजवळ आमची बर्फाची फॅक्टरी आणि कोल्ड स्टोअरेज आहे. होस्ट दिवसातून चार-पाच वेळा लाल होतो आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप ठीक होतो. पावसाळ्यात जास्त.
(एक वाचक, हर्णै)

उत्तर : सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका. केबल काढा आणि टोक उजेडात धरा. पिनांवर हिरवट थर दिसेल. समुद्राची खारी हवा तर आहेच, पण तुमचा बर्फाचा प्लँट अमोनियावर चालत असणार, आणि अमोनिया तांब्या-पितळेला खातो. तुम्हाला वासही येत नसेल एवढ्या गळतीत पॅच पॅनलचे जोड जातात.

होस्टवर त्या नेटवर्क कार्डाचे आकडे बघा : सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेली पॅकेटं) वाढतायत का, आणि गिगाबिटची लिंक शंभर मेगाबिटवर उतरलीय का. उतरली असेल तर केबलमधल्या तारांची एखादी जोडी निकामी झालीय. टोकं नवी मारा, पॅच पॅनल बदला, सर्व्हरची खोली मशीन रूमच्या भिंतीपासून लांब न्या. आणि मॅनेजमेंटच्या नेटवर्कला दोन केबल द्या, दोन वेगळ्या स्विचवर. एक गंजली तरी ठोके दुसरीवरून जातील.

प्रश्न : शिकण्यासाठी घरी ईएसएक्सआय टाकला. फुकटचा आहे. व्हीसेंटरला जोडायला गेलो की लायसन्सचं कारण सांगून नकार देतो. आधी दोन महिने तर छान जोडलेला होता!
(एक विद्यार्थी, सावंतवाडी)

उत्तर : ते दोन महिने म्हणजे साठ दिवसांची चाचणीची मुदत, तेव्हा सगळं चालतं. फुकटची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली होती, एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ईच्या रूपाने परत आली. पण ती व्हीसेंटरला जोडता येत नाही, आधीही येत नव्हती. होस्टचं स्वतःचं पान वापरा, शिकायला ते पुष्कळ आहे. आणि चाचणीची मुदत संपलेल्या होस्टवर चालू असलेली व्हीएम बंद करताना विचार करा. चालू आहे तोवर चालेल, एकदा बंद केलीत की पुन्हा चालू होणार नाही.